तेराव्या खांबापर्यंत

आकाराम माझ्याशी पहिल्या दिवशी नीट बोलला नाही आणि शेवटच्या दिवशीही नाही. मधल्या आठ महिन्यांत तो जे काही बोलला त्यातलं निम्मं मला टोचण्यासाठीच होतं. तरीही त्याच्याबद्दल लिहायचं आहे. त्या आठ महिन्यांत लोणंदला मी रुळांची मोजणी शिकलो असं माझ्या दाखल्यावर लिहिलं आहे; पण कुठल्या मापाशी थांबायचं हे मला त्या माणसानं शिकवलं, आणि तेही माझ्यावर डाफरत.

सदुसष्ट साली मी डिप्लोमा घेऊन बाहेर पडलो. कुंडलच्या आमच्या घरात कागदावर रेघ मारून पोट भरणारा मी पहिलाच. मिरजेची लहान रुळांची लाईन रुंद करायची होती, त्या कामावर शिकाऊ ओव्हरसियर म्हणून मला लोणंदला पाठवलं. एप्रिलचा महिना होता. स्टेशनामागे गँगची चाळ होती, तिच्या टोकाला मला एक खोली मिळाली. शेजारच्या खोलीत आकाराम खाटेवर पडून होता. त्याच्या डाव्या पायाचं प्लास्टर चारच दिवसांपूर्वी काढलं होतं.

मी दारातून आत पाहिलं. पाय गुडघ्याखाली बारीक झाला होता आणि नडगीच्या मध्ये हाड किंचित वर आलेलं दिसत होतं.

"काय बगताय?" तो म्हणाला. "जत्रंत मांडलाय व्हय ह्यो पाय?"

अठरा वर्षं तो चावीवाला होता. रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या गाड्यांच्या हादऱ्यानं सैल होतात. चावीवाल्यानं खांद्यावर हातोडा घेऊन चार मैल जायचं, चार मैल यायचं, आणि सैल दिसेल ती चावी ठोकत राहायचं. रोज. उन्हात, पावसात. त्याच्या वस्तीतून रेल्वेत एवढ्या जागेवर गेलेला तो पहिला. छप्पन साली वस्तीनं देव्हारे उतरवून धम्म घेतला तेव्हा पुढे उभा राहणाऱ्यांतही तो होता. लोक त्याला बघून पोरांना सांगत, "असं ताठ चालावं."

जानेवारीत गाडीवरून रूळ उतरवताना अपघात झाला. रूळ उचलताना आणि सोडताना एक जण हाळी देतो. हाळीच्या शेवटच्या शब्दावर सगळ्यांनी एकदम सोडायचं. त्या दिवशी हाळी मुकादम बिराप्पाची होती. हाळी अर्ध्यात असताना त्यानं एका गड्याला शिवी घातली. गडी घोटाळले. निम्म्यांनी सोडलं, निम्म्यांनी धरलं, आणि रुळाचं टोक आकारामच्या नडगीवर आलं. बिराप्पानं जबाब दिला, की आकारामनं हाळीच्या आधी हात काढला. कागदावर तेच राहिलं. तेव्हापासून दोघं एकमेकांच्या सावलीतून जात नव्हते.

डॉक्टरनं आकारामला चार महिने दिले होते. ऑगस्टअखेर तपासणी. चार मैल चालता आलं तर कामावर. नाहीतर रेल्वेतून नाव कमी, आणि चाळीतली खोलीही रिकामी करायची. घरात बायको राहीबाई, दोन शाळेत जाणाऱ्या मुली. खोली गेली तर वस्तीवर परत जायचं, जिथं त्याच्या वाट्याला एक भिंत होती आणि तीही भावानं वापरायला घेतलेली.

मला वाटलं, हा तर माझा विषय आहे. चार मैलांत तारेचे खांब एकशे सात. दिवस एकशे वीस. रोज एक खांब वाढवला की काम फत्ते, वर तेरा दिवस हाताशी. मी चौकटीच्या कागदावर एक सरळ रेघ काढली, खाली तारखा, बाजूला खांब, आणि तो कागद नेऊन त्याच्या भिंतीला लावला.

आकारामनं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तंबाखू मळायला घेतली. पण त्या दिवशी राहीबाईचा भाऊ जोतीराम पुण्याहून आला होता. तो कारखान्यात फिटर होता, त्याला रेघा आवडत.

"दाजी, शिकल्याला मानूस हाय. ऐका त्येचं," जोतीराम म्हणाला. "म्या वस्तीवर सांगून आलोय, दिवाळीच्या आत दाजी हातुडा घिऊन लाईनीवर दिसनार म्हून."

"तुला कुनी सांगाय लावलं व्हतं?"

"मंग काय सांगू? दाजी खाटंवर झोपलाय?"

आकाराम दुसऱ्या दिवसापासून चालायला लागला. काठी घेऊन, दात आवळून. एक खांब, दोन खांब, तीन. मी संध्याकाळी येऊन कागदावर ठिपका मांडायचो. ठिपके रेघेवर बरोबर बसत होते. बाराव्या दिवशी त्याला परत यायला दोन तास लागले, तरी ठिपका रेघेवर. मला फार आनंद झाला. पोलादाच्या कांबीला वजन लावत गेलं की ती किती ताणते, याचा आलेख आम्ही कॉलेजात काढायचो; तो असाच सरळ वर जातो. तो पुढे एका जागी वाकतो हेही मी शिकलो होतो. पण परीक्षा झाली होती आणि ते मी विसरलो होतो.

सोळाव्या दिवशी सोळा खांब झाले. सतराव्या दिवशी पहाटे नडगी भोपळ्यासारखी सुजली, ताप भरला, जुन्या जखमेतून पाणी यायला लागलं. तीन आठवडे आकाराम पुन्हा खाटेवर.

मी बघायला गेलो तर राहीबाई दारातच उभी राहिली. "तुमच्या कागदाला पाय हायती का?"

"अहो, मी त्यांच्या भल्यासाठीच..."

"भलं लय झालं. जावा आता." तिनं कागद भिंतीवरून काढला, त्याच्या चार घड्या केल्या आणि माझ्या हातात दिला. फाडला असता तर बरं वाटलं असतं.

आतून आकारामचा आवाज आला. "त्येला कशाला बोलतीस? अक्कल त्येची, पर पाय माजा व्हता. म्याच येडा."

त्याच आठवड्यात बिराप्पा येऊन गेला. तब्येत विचारायला आलो असं म्हणाला, पण उंबऱ्याच्या आत आला नाही. माझ्या खोलीत सगळं ऐकू येत होतं.

"आकाराम, माजं ऐक. सोड ह्ये. मानसानं झेपंल तेवडंच करावं."

"तुजं ऐकूनच पाय मोडला रं माजा."

"आता नवस बोलायचा म्हटलं तर तुमी देवबी ठिवला न्हाई. कुनाला बोलनार?"

"पाय हाय न्हवं. त्येलाच इचारतो."

बिराप्पा हसत गेला. मला तेव्हा वाटलं, आकारामनं नुसता टोला परतवला. पण तो जे बोलला तेच तो पुढे करणार होता.

मे महिना संपता संपता तो पुन्हा उठला. या वेळी मला कुणी विचारलं नाही, कागद नाही, ठिपके नाहीत. मी लेव्हलची दुर्बीण लावून लाईनीवर उभा असायचो, तिथून मला तो दिसायचा. सकाळी उठल्यावर तो आधी दारात बसे आणि अंगठ्यानं नडगी दाबून बघे. खड्डा पडला आणि राहिला, तर आदल्या दिवशीच्याच खांबापर्यंत जाणं. खड्डा लगेच भरून आला, तरीही तेवढंच. दोन सकाळी लागोपाठ पाय साफ असला, तरच तिसऱ्या दिवशी एक खांब पुढे. पोचलेल्या खांबाला तंबाखूच्या डबीतला चुना बोटानं लावायचा, तिथं दगडावर टेकायचं, आणि परत. चुन्याचं बोट खांबावर लागल्यावर त्या दिवशी तो एक पाऊलही पुढं टाकत नसे. पाय बरा वाटत असला तरी नाही.

ही चाल बघून गँगमधले लोक चेकाळले. कामावर जाताना कुणीतरी ओरडायचं, "आकाराम, आज कुटं बदली? च्यार नंबरच्या खांबावर?"

"व्हय. तुज्या सासऱ्याचा हाय त्यो खांब. राखाय बसलोय."

लोक हसायचे, तो हसत नसे.

मलाही त्याचा राग यायचा. मनातल्या मनात मी हिशोब करायचो: या चालीनं ऑगस्टअखेर दीड मैलसुद्धा होणार नाही. चार मैलांचं काय? मी एकदा म्हणालोच, "आकारामदादा, एवढ्यानं काम होणार नाही."

"कुनाचं?"

"तुमचं. चार मैल लागतात."

"तुमाला लागत्यात," तो म्हणाला आणि निघून गेला.

जुलैच्या मध्याला तो तेराव्या खांबाशी पोचला आणि तिथंच थांबला. आठवडा झाला, दुसरा झाला, तरी तेराच. पाय साफ असायचा. मी चोरून बघत होतो, अंगठ्याचा खड्डा लगेच भरत होता. तरी तो चौदाव्याकडे बघेना. उलट आता एक गंमत सुरू झाली. त्यानं खांद्याला एक जड पिशवी अडकवली, हातात काठीला गुंडाळलेलं लाल फडकं घेतलं, आणि तेवढेच तेरा खांब तो पुन्हा पुन्हा करू लागला. कधी वाकून रुळाशी काहीतरी करायचा, उठायचा, पुढे जायचा.

त्या रविवारी जोतीराम आला आणि भडकला. आम्ही दोघंही तेराव्या खांबापाशी जाऊन त्याला गाठलं.

"दाजी, झालं काय तुमाला? पाय चांगला हाय आन तुमी हितंच घुटमळताय. भ्या वाटतंय का?"

आकारामनं पिशवी खाली ठेवली. आत वाळू होती. "फाटकापास्नं ह्यो खांब किती लांब हाय?" त्यानं मला विचारलं. पहिल्यांदाच त्यानं मला काही विचारलं होतं.

त्या फाटकाची मोजणी मीच केली होती. "बरोबर अर्धा मैल."

"कोंडीबा ऑगस्टात निवरूत्त हुतुया. मला फाटक पायजे."

चाळीला लागूनच, सालप्याच्या बाजूला, रस्त्यावरचं एक फाटक होतं; आकाराम खांब मोजायचा ते तिथूनच. तिथं कोंडीबा म्हणून एक म्हातारा फाटकवाला होता. फाटकाशी एक पक्की खोली होती. काम बसून करायचं, दांडी वर-खाली करायची. पण एक अट होती. रुळांवर बैलगाडी अडकली, दरड आली, काहीही झालं, तर फाटकवाल्यानं लाल निशाण आणि फटाके घेऊन गाडीच्या दिशेनं जायचं. हे फटाके रुळावर बांधतात; चाक त्यावरून गेलं की आवाज होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. ते फाटकापासून अर्ध्या मैलावर बांधावे लागत. आमच्या इन्स्पेक्टर साहेबाचा ठोकताळा होता, की फाटकावरून निघाल्यापासून पंधरा मिनिटांत फटाके लागले पाहिजेत. तेवढं ज्याला जमेल त्यालाच तो फाटक देई.

जोतीराम एकदम ओरडला. "फाटकवाला? तितं म्हातारी मान्सं बसत्यात! चावीवाला व्हता तुमी. म्या वस्तीवर काय सांगू?"

"वस्तीवर सांग, आकारामला येक पाय हाय आन त्येला त्येचा ठाव हाय."

"च्यार मैल जमलं असतं तुमाला. जिद्द न्हाई."

"जिद्द म्या केली की वैशाखात. तीन हप्ते बाळतिनीगत निजलो." तो माझ्याकडं वळला. "सायेब, च्यार मैल ह्यो पाय जानार न्हाई. ह्या जन्मात न्हाई. मला ठावं हाय, डाक्टरला ठावं हाय, त्या बिराप्पालाबी ठावं हाय. तुमालाच दोगांना म्हाईत न्हाई."

जोतीराम त्या दिवशी न जेवता परत पुण्याला गेला.

पुढचा महिना आकाराम वेळेशी झगडला. पहिल्यांदा तेरा खांबांना बावीस मिनिटं लागत होती. मिनिटं मी माझ्या घड्याळावर मोजायचो; त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. सकाळच्या पॅसेंजरनं स्टेशन सोडल्याची शिट्टी झाली की तो निघे आणि ती सालप्याच्या वळणावर दिसली की कुठवर आलो ते बघे. वीस झाली, अठरा, सोळा. ऑगस्टच्या शेवटी चौदा. डॉक्टरनं त्याला चावीवाल्याच्या कामातून काढलं आणि हलक्या कामाला लायक असं लिहिलं. त्यावर आकारामनं फाटकासाठी अर्ज टाकला. दुसरा अर्ज ज्ञानूचा होता. ज्ञानू म्हणजे बिराप्पाचा मेव्हणा, कवठे महांकाळकडचा, वीस वर्षांचा. मेंढरांमागं पळून त्याचे पाय घोड्यासारखे झाले होते.

चाचणीच्या दिवशी इन्स्पेक्टर साहेब ट्रॉलीवरून आला. फाटकाशी आम्ही पाच-सहा जण उभे होतो. आकारामनं इस्त्रीचा जुना खाकी सदरा घातला होता. साहेबानं खिशातलं घड्याळ काढलं, तेवढ्यात बिराप्पा पुढं झाला.

"सायेब, येक इचारू का? लाईन मोटी हुनार, गाड्या मोट्या हुनार. तवाबी अर्धाच मैल का?"

साहेब माझ्याकडे वळला. "काय रे? रुंद लाईनीला अंतर किती?"

मी तोंड उघडायच्या आधी आकारामकडे पाहिलं असतं तर बरं झालं असतं. पण प्रश्न माझ्या अभ्यासातला होता आणि मला उत्तर येत होतं. "पाऊण मैल साहेब," मी लगेच म्हणालो.

"मग पाऊण मैलच बघू. सहा महिन्यांत पुन्हा माणूस कुठं शोधू? विसावा खांब. पंधरा मिनिटं."

आकारामनं माझ्याकडे बघितलं. शिवी दिली असती तर सोसली असती.

"सायेब," तो म्हणाला, "अर्धा मैल आता करून दावतो. पाऊन मैल आज हुनार न्हाई."

"अरे, प्रयत्न तर कर. जायला काय जातंय?"

"पाय जातुया."

"न करताच नाही म्हणतोस?"

"सायेब, रेटून जाईन म्या इसाव्या खांबापत्तूर. पंद्राची अठरा हुतील, पर जाईन. आन उद्यापास्नं म्हयनाभर खाटंवर. त्या म्हयन्यात हितं गाडी आडकली तर फटाकं कोन बांदनार? तुमाला येका दिसाचा मानूस पायजे, का रोजचा?"

बिराप्पा मागून म्हणाला, "झालं. तोंडानं चालतंय गडी."

"तुज्या तोंडानं रूळ पडला, माज्या तोंडानं निदान कुनाचा पाय तरी मोडत न्हाई."

"गप्प बसा दोघं!" साहेब ओरडला. त्यानं आधी ज्ञानूला सोडलं. ज्ञानू पाऊण मैल नऊ मिनिटांत गेला, फटाके बांधले, आणि हसत पळतच परत आला. मग आकाराम निघाला. वाकडा पाय बाहेर फेकत, पिशवी डाव्या खांद्यावर घट्ट धरून. तेराव्या खांबाशी वाकला, फटाके बांधले, निशाण वर केलं. साडेतेरा मिनिटं. चौदाव्या खांबाकडे त्यानं मानही वळवली नाही. दुर्बीण माझ्याकडे होती, मी पाहत होतो.

साहेब बराच वेळ कुरकुरत होता. कामावर जायबंदी झालेल्याचा हक्क आधी, हे त्याला माहीत होतं, आणि पुढच्या कटकटी नको होत्या. शेवटी तो आकारामला म्हणाला, "पाऊण मैलाला किती दिवस पाहिजेत?"

कुणालाही वाटलं असतं, तो म्हणेल, जेवढे द्याल तेवढे. आकारामनं बोटांवर मोजलं. "धा हप्ते."

"दहा आठवडे तात्पुरता. त्या दिवशी पंधरा मिनिटांच्या वर एक सेकंद गेला, तर फाटक ज्ञानूचं."

राहीबाईनं त्याच दिवशी संध्याकाळी भांडी-अंथरुणं फाटकाच्या खोलीत नेली. सामान सोडलं मात्र नाही. पेटीला दोरी बांधलेलीच ठेवली.

चौथ्या दिवशी बिराप्पाच्या गँगनं खडी उतरवली. रुंद लाईनीसाठी खडी लागणारच होती, कुठंतरी पडणारच होती. पण ती पडली नेमकी तेराव्या खांबापासून पुढं, रुळालगतच्या पायवाटेवर. माणूस चालायचा ती मातीची पट्टी गुडघाभर खडीखाली गेली. चौदा ते वीस, सगळीकडे. मी नकाशा बघितला. खडीची जागा पलीकडच्या बाजूला दाखवली होती.

मी बिराप्पाला म्हणालो, "ही खडी इथं कशी?"

"गाडी जितं हुबी ऱ्हायली तितं उतरली. तुमी नवीन हाय सायेब. शिका."

राहीबाईनं त्याला बाजाराच्या दिवशी स्टेशनासमोर गाठलं. चार माणसं जमेपर्यंत थांबली, मग सुरू झाली. "काय रं बिराप्पा, माज्या मालकाची वाट बुजीवतोस? मरदागत समूर ये की! खडीच्या आडून काय लडाई करतोस?"

"आक्के, रेलवेचं काम हाय त्ये."

"रेलवेचं काम म्हून पाय मोडला, रेलवेचं काम म्हून वाट मोडली. तुजं सोताचं काम काय हाय का न्हाई? नुसतं दुसऱ्याचं मोडायचं?"

लोक हसले. बिराप्पाचं तोंड काळं पडलं, पण खडी जागची हलली नाही. मी साहेबाला पत्र लिहिण्याची तयारी केली आणि आकारामला सांगायला गेलो.

"लिवू नगा," तो म्हणाला.

"अहो, हे मुद्दाम केलंय!"

"ठावं हाय मला. पर रात-इराती गाडी आडकली तर खडी बाजूला हून म्हननार हाय का, जा आकाराम? खडीवरनंच जावं लागंल. तर मंग खडीवरनंच शिकतो."

त्यानं आपली रीत बदलली नाही, फक्त माप बदललं. खडीवर पूर्ण खांब झेपत नव्हता, म्हणून अर्धा खांब धरला. दोन सकाळी पाय साफ, तर अर्धा खांब पुढे. खडीत मध्ये दगड उभा करून त्याला चुना. पाय वळू नये म्हणून त्यानं जुन्या टायरचे दोन तुकडे पायताणाखाली शिवून घेतले. कधी पाय सुजला की दोन-तीन दिवस तिथल्या तिथं. मी मनात आठवडे मोजत होतो. सहाव्या आठवड्यात सोळावा खांब. आठव्यात अठरावा. नवव्यात तो विसाव्याला लागला, पण सतरा मिनिटांत. दहाव्या आठवड्याच्या सुरुवातीला साडेपंधरा.

चाचणीला तीन दिवस राहिले आणि आकारामनं चालणं बंद केलं.

साफ बंद. दांडी वर, दांडी खाली, बाकी वेळ पाय पाटावर ठेवून बसलेला. बातमी चाळीत पोचली. बिराप्पानं सगळ्यांना सांगितलं, "पाय गेला त्येचा. म्या म्हनत व्हतो." ज्ञानू येऊन खोलीची खिडकी बघून गेला, दार किती रुंद आहे तेही बघून गेला. राहीबाईनं पेटीची दोरी पुन्हा आवळली.

मला राहवेना. "अर्धा मिनिट कमी करायचंय आणि तुम्ही बसून राहिलाय?"

"आता चालून अर्धा मिंट कमी हुईल का?"

"सराव सुटेल!"

"सायेब, तुमी कवा वजन उचलून घाट चडलाय का? न्हाई न्हवं? मंग गप बसा. दमल्याला पाय आन बसल्याला पाय ह्यात येक मिंटाचा फरक असतुया. त्यो मला पायजे." मग दाराकडं बोट. "जावा."

नोव्हेंबरातली सकाळ होती, गार होती. साहेब आला. जोतीरामही पुण्याहून आला होता, तोंड फिरवून उभा. बिराप्पानं स्वतःचं घड्याळ आणलं होतं. आकाराम उठला. निशाण घेतलं, फटाक्यांची पिशवी घेतली, आणि साहेबानं मान हलवल्यावर निघाला.

तेराव्या खांबापर्यंत तो सवयीनं गेला. नऊ मिनिटं. पुढं खडी. टायरच्या पायताणांखाली दगड घसरत होते, ते दुर्बिणीतून दिसत होतं. सोळाव्याशी तो एकदा कलंडला, हात टेकला, उठला. बिराप्पा काहीतरी पुटपुटला. राहीबाईनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. मी दुर्बिणीतून बघत होतो आणि बोलत होतो, "अठरा... एकोणीस..." जोतीराम माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "वाकला का? वाकला का?"

आकाराम वाकला. फटाके बांधले. मग लाल निशाण वर गेलं.

साहेबानं घड्याळ बघितलं. "चौदा मिनिटं पन्नास."

"माज्यात सोळा हायती," बिराप्पा म्हणाला.

"तुझं घड्याळ बदल," साहेब म्हणाला, आणि ट्रॉलीवर बसून सही करायला लागला. ज्ञानू त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. बिराप्पा फाटकाकडे न बघता रुळांवरून चालत निघाला. जाताना वाटेत आकाराम परत येत होता. दोघं एकमेकांच्या अंगावरून गेले, एकानंही मान वळवली नाही.

जोतीराम दाजीच्या पुढं गेला. "दाजी, येवडं जमलं... मंग आता चावीवाल्याचाबी अर्ज टाकू की."

"न्हाई."

"आवं पर..."

"न्हाई म्हनलं न्हवं." आकारामनं पाय पाटावर ठेवला. अंगठा नडगीवर दाबला, काढला, खड्ड्याकडे बघत राहिला. तो भरायला बराच वेळ लागला. "आता दोन दिस जाग्यावर बसायचं," तो स्वतःशीच म्हणाला. राहीबाई आत गेली. पेटीची दोरी सोडल्याचा, मग झाकण उघडल्याचा आवाज आला.

डिसेंबरात माझी बदली झाली. जाण्याआधी मी फाटकाशी गेलो. मला त्याला काहीतरी चांगलं सांगायचं होतं, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं जे होतं तेच मी सांगितलं. म्हणालो, "आकारामदादा, दहा आठवड्यांत सात खांब वाढले, तेही खडीवर. याच हिशोबानं गेलं तर पुढच्या वर्षी..."

"सायेब," तो म्हणाला, "लोनंदास्नं गाडी सुटली. मागं सरा."

मी मागं सरलो. त्यानं दांडी खाली घेतली, साखळी अडकवली, आणि हिरवं निशाण घेऊन रुळाकडे तोंड करून उभा राहिला. मी दांडीच्या या बाजूला, रस्त्यावर, दोन बैलगाड्यांच्या मागं उभा होतो.